आकडे एक सांगतात, मुलाखती दुसरंच: आर्थिक भूगोलात ऐकायचं कुणाचं?

अर्धवट_संशोधक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक पोस्ट आहे, आधीच सॉरी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, विषय आर्थिक भूगोल. प्रश्न असा की मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपन्या एकमेकींच्या शेजारी का गोळा होतात आणि त्याचा त्यांना फायदा होतो का. पहिली दोन वर्षं मी फक्त आकड्यांत घालवली. सरकारी नोंदणीतून कंपन्यांची यादी घेतली, पत्ते जीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकले, लोकेशन कोशंट (एखाद्या भागात त्या उद्योगाचा वाटा सरासरीच्या किती पट आहे ते) काढला, मोरान्स आय (सारख्या गोष्टी जवळजवळ आहेत का ते सांगणारा आकडा) काढला, तो मस्त पॉझिटिव्ह आला, मग रिग्रेशन (कशाबरोबर काय किती बदलतं ते मोजणारं गणित) केलं तर दोन किलोमीटरच्या आत त्याच धंद्यातल्या कंपन्या जेवढ्या जास्त तेवढी कामगारवाढ जास्त असं दिसलं. मी खूश.

मग गाईड म्हणाले की आता जरा गुणात्मक पण कर, नाहीतर परीक्षक विचारतील. म्हणून २३ मालकांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येकाला विचारलं की शेजारच्या कंपन्यांशी तुमचे संबंध कसे आहेत, त्यांच्याकडून काही शिकायला मिळतं का. आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं, संबंध वगैरे काही नाही हो, आम्ही आमचं काम करतो, ते त्यांचं करतात. दोघं तर चिडलेच, म्हणे शेजारी आमची डिझाइनं ढापतात.

म्हणजे आता आकडे म्हणतात शेजाराचा फायदा होतो आणि माणसं म्हणतात शेजाऱ्याचं नाव काढू नका. खरं कोणाचं? २३ मुलाखती कमी पडल्या का, अजून २० घेऊ? गाईडना विचारलं तर म्हणाले की फार विचार करू नकोस, दोनचार चांगली वाक्यं उचलून चौकटीत टाक, प्रबंधाला रंगत येईल. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये.

नकाशावाली

माणसांवर शंका घ्यायच्या आधी आकड्यांवर घे. मी स्वतः आकडेवाली आहे म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, मोरान्स आय पॉझिटिव्ह आला याचा अर्थ एवढाच की सारख्या गोष्टी जवळजवळ आहेत, का आहेत ते तो सांगत नाही. आणि जवळच्या गोष्टी एकमेकींशी जास्त निगडित असतात हे भूगोलवाल्या टोब्लरने १९७० मध्येच म्हणून ठेवलंय, त्यात नवल काही नाही. कारखाने कुठेही उभे राहू शकत नाहीत ना, जिथे जमिनीला औद्योगिक परवानगी आहे तिथेच राहतात, त्यामुळे कुठलाही उद्योग घेतलास तरी तो घोळक्यातच दिसणार. म्हणून तुलना रिकाम्या नकाशाशी करायची नाही, बाकीच्या सगळ्या कारखान्यांशी करायची, की सगळे उद्योग जेवढे गोळा झालेत त्याच्यापेक्षा तुझा उद्योग जास्त गोळा झालाय का. ड्युरांटन आणि ओव्हरमन यांनी २००५ मध्ये ब्रिटनच्या कारखान्यांवर हेच केलं, पत्त्यांवरून प्रत्येक जोडीतलं अंतर मोजलं, आणि अशी कडक तुलना लावल्यावर साधारण निम्मेच उद्योग खरोखर गोळा झालेले निघाले, तेही मुख्यतः ५० किलोमीटरच्या आतल्या अंतरावर. तू हे केलंयस का? नसेल तर तुझा पहिला निष्कर्षच अजून कच्चा आहे.

दुसरं, दोन किलोमीटर का? एक का नाही, पाच का नाही? सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला आकडा होता असं प्लीज सांगू नकोस. लोकेशन कोशंट तर तू कुठल्यातरी प्रशासकीय हद्दीवर काढला असशील, तिथे तर आणखी मोठा सापळा आहे. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या घेतल्या, रिपब्लिकन मतदार आणि वयस्कर लोक यांच्या प्रमाणातला सहसंबंध काढला, आणि मग त्याच काउंट्या वेगवेगळ्या पद्धतीने जोडून मोठे विभाग करत गेले. डेटा तोच, फक्त हद्दी बदलल्या, आणि उत्तर जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता आलं. हे वाचल्यापासून कुणी मला एकाच हद्दीवरचा एकच नकाशा दाखवला की माझी भुवई वर जाते.

आणि तिसरं सगळ्यात साधं. नोंदणीतला पत्ता कशाचा आहे? कारखान्याचा की ऑफिसचा? बघून सांग.

टेपरेकॉर्डर

नकाशावाली ताईंचं सगळं बरोबर, पण मला वाटतं मूळ गडबड मुलाखतीच्या प्रश्नात आहे.

तू मालकाला विचारलंस "संबंध कसे आहेत". अरे, हा प्रश्न तुझ्या थिअरीच्या भाषेतला आहे, त्याच्या दिवसाच्या भाषेतला नाही. संबंध म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर मैत्री येते, नाहीतर करार येतो, आणि ते दोन्ही नाहीत म्हणून तो नाही म्हणतो, खोटं बोलत नाहीये बिचारा. त्याच्याऐवजी घडलेली गोष्ट विचारायची. शेवटचं मशीन कधी बंद पडलं? पहिला फोन कोणाला केला? तो माणूस कुठून आला, किती वेळात आला? शेवटचा कारागीर कामावर घेतला तो आधी कुठे होता, त्याच्याबद्दल कोणी सांगितलं? ऑर्डर झेपेना तेव्हा जास्तीचं काम कोणाकडे दिलं? असं विचारलंस की शेजाऱ्याचं नाव न काढणारा माणूस पंधरा मिनिटांत सहा शेजारी मोजून दाखवतो.

आता थिअरीकडे बघ. अर्थतज्ज्ञ मार्शलने १८९० मध्ये कारखाने एकत्र का येतात याची कारणं मांडली ती आपण आज तीन खणांत ठेवतो: कुशल कामगारांचा साठा एका जागी मिळतो, सुटे भाग आणि सेवा पुरवणारे जवळ येतात, आणि धंद्यातलं ज्ञान हवेत पसरल्यासारखं पसरतं. तू फक्त तिसऱ्याबद्दल विचारलंस! पहिल्या दोन कारणांसाठी शेजाऱ्याशी बोलायची गरजच नसते. दोन मालक वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नसतील, पण त्यांचे कामगार इकडून तिकडे जात असतील आणि दोघांचं ग्राइंडिंग एकाच माणसाकडे जात असेल, तर शेजाराचा फायदा दोघांनाही होतोय. ढापतात म्हणून चिडलेले तुझे ते दोघं तर सोनं आहेत रे, ज्ञान झिरपतं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला मिळणार, फक्त ज्याचं झिरपलं तो त्याला चोरी म्हणतो आणि आपण पेपरात स्पिलओव्हर म्हणतो.

म्हणजे तुझे आकडे आणि मुलाखती भांडतच नाहीयेत. रिग्रेशन सांगतंय की परिणाम आहे, कुठल्या वाटेने आला ते त्याला माहीत नाही. मुलाखती सांगतायत की एक वाट, निदान मालकांच्या नजरेतून, बंद दिसतेय. मग उरलेल्या दोन वाटा तपास.

आणि फक्त मालकच का? मालकांच्या मुलाखतींवर आपल्या विषयात जुना वाद आहे. एरिका शोएनबर्गरने १९९१ मध्ये कंपन्यांतल्या वरच्या लोकांच्या मुलाखती ही पद्धत म्हणून कशी वापरावी यावर लिहिलं, तिचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनी एखादा निर्णय का घेते हे ठरलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही, बसून बोलावं लागतं. पुढच्याच वर्षी लिंडा मॅकडॉवेलने त्याला उत्तर दिलं, मुलाखत घेणारा कोण आहे, बाई की पुरुष, समोरच्याच्या हातात किती सत्ता आहे, याने उत्तरं बदलतात त्याचं काय असा मुद्दा. तू विद्यापीठातून आलेला, हातात वही, आणि तो मालक, तो तुला स्वतःच्या मेहनतीची गोष्ट सांगणार, शेजाऱ्याच्या उपकाराची नाही सांगणार. कामगारांशी बोल, मशीन दुरुस्त करणाऱ्याशी बोल, माल पोचवणाऱ्याशी बोल.

खडूस_मास्तर

"रंगत येईल" हे वाचून दोन मिनिटं पाणी पीत बसलो.

मुलाखत म्हणजे जेवणाच्या ताटातली कोशिंबीर नव्हे. एकतर ती पुरावा आहे, नाहीतर ती नकोच. पण तितकंच हेही सांगतो की आकडेवाले विरुद्ध कथावाले अशी जी दोन गावं आपण वसवली आहेत ती आपल्या सोयीची आहेत. फॉन थ्यूनेन या जर्मन माणसाचं शेतीच्या वर्तुळांचं मॉडेल सगळे शिकतात, १८२६ चं, शहराभोवती गोल गोल पट्टे, एकदम गणिती. तो स्वतः मेक्लेनबर्गमधल्या टेलो इथे शेती करत होता आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या शेतीचे हिशेब ठेवत होता, मॉडेलमधले खर्च तिथून आले. आता हे गुणात्मक की संख्यात्मक? एका माणसाचं एक शेत, नमुना संख्या एक, आणि बाहेर पडलं काय तर दोनशे वर्षं टिकलेलं मॉडेल.

मग १९५० च्या दशकात अमेरिकेत सिअॅटलला गॅरिसन हा प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी, बेरी, बंज, टोब्लर वगैरे, भूगोलात संख्याशास्त्र आणतात. शेफरचा लेख १९५३ चा, की भूगोलाने प्रत्येक जागा एकमेव आहे म्हणत बसू नये, नियम शोधावेत. त्यातलाच बंज १९६२ मध्ये भूगोलाच्या गणिती सिद्धांतावर पुस्तक लिहितो आणि १९७१ मध्ये त्याचं पुस्तक येतं ते डेट्रॉइटच्या एका वस्तीवर, जिथे तो स्वतः राहिला आणि तिथल्या लोकांबरोबर नकाशे केले. डेव्हिड हार्वेचंही तसंच, १९६९ मध्ये भूगोलातल्या वैज्ञानिक स्पष्टीकरणावर जाडजूड ग्रंथ, आणि १९७३ मध्ये शहरातल्या सामाजिक न्यायावर, मार्क्स हातात घेऊन. हे लोक गणित विसरले नव्हते. त्यांना पडलेले प्रश्न बदलले.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो सेयर, समाजविज्ञानाच्या पद्धतींवर लिहिणारा, १९८४. तो गुणात्मक-संख्यात्मक हे शब्दच बाजूला ठेवतो आणि म्हणतो की दोन तऱ्हेचे प्रश्न आहेत. एक, ही गोष्ट किती ठिकाणी आहे, कशाकशाबरोबर दिसते. दोन, ही गोष्ट घडते कशी, कोण काय करतं म्हणून घडते. पहिल्याला पसरट संशोधन लागतं, दुसऱ्याला खोल. पसरटाने "कशी" चं उत्तर मिळत नाही, खोलाने "किती" चं मिळत नाही. तू दोन वर्षं "किती" विचारलंस आणि आता तेवीस मालकांकडून त्याच "किती" चं शिक्कामोर्तब करून घ्यायला निघालास. म्हणून अडकलास. अजून वीस मुलाखती त्याच प्रश्नावर घेतल्यास तर त्रेचाळीस लोक म्हणतील संबंध नाहीत, तेवढंच.

आळशी_बोका

मी उलटं सांगू का, मिक्स्ड मेथड्स (आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणं) ही निम्मी फॅशन आहे. फंडिंगच्या अर्जात लिहायला बरं पडतं. पेपर पाठवला की एक रिव्ह्यूअर म्हणतो एंडोजेनिटीचं (कारण कुठलं आणि परिणाम कुठला या गोंधळाचं) काय केलं, दुसरा म्हणतो तुमची पोझिशनॅलिटी (तुम्ही स्वतः कोण, कुठून बघताय) कुठाय, आणि दोघांचं समाधान करता करता आठ हजार शब्दांत काहीच नीट मावत नाही. एकच पद्धत घे, ती धड कर, पदवी घे, बाहेर पड. 😼

खडूस_मास्तर

बोक्या, फॅशन आहे हे मान्य. आणि गुणात्मकवाल्यांनाही एक टोला हवाच, मार्कुसेनने १९९९ मध्ये तो हाणला होता, की प्रादेशिक अभ्यासात धूसर संकल्पना आणि तुटपुंजा पुरावा फार झालाय. क्लस्टर, नेटवर्क, विश्वास, असे शब्द वापरायचे आणि दोन वाचकांना त्याचा एकच अर्थ लागणार नाही अशी सोय करून ठेवायची. पण ह्या मुलाच्या हातात दोन्ही आधीच आहेत, त्याला एक टाकून दे सांगणं म्हणजे उत्तर जुळत नाही म्हणून गणितातली एक ओळ खोडणं.

अर्धवट_संशोधक

सगळ्यांना खूप धन्यवाद, आणि आता एक लाजिरवाणी बातमी.

नकाशावाली ताईंनी पत्त्याचं विचारलं म्हणून यादी पुन्हा उघडली. एकाच पत्त्यावर १४ कंपन्या. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. तिथे जाऊन आलो तर ते एका अकाउंटंटचं ऑफिस आहे, हे सगळे लोक नोंदणीला त्याचाच पत्ता देतात 🤦 आणि माझ्या नकाशावरचा सगळ्यात लाल ठिपका तोच होता. सेमिनारमध्ये मी त्यावर पॉइंटर ठेवून दहा मिनिटं बोललो होतो.

पत्ते दुरुस्त केले, ताईंनी सांगितलेली तुलना बाकीच्या कारखान्यांशी केली, एक ते दहा किलोमीटर सगळी अंतरं लावून पाहिली. परिणाम गेला नाही पण बारीक झाला, आणि चार किलोमीटरच्या पुढे जवळजवळ दिसत नाही. म्हणजे काहीतरी आहे खरं. आता मुलाखतींची दुसरी फेरी करायची तर कोणाला निवडू? पहिल्या वेळी जे फोन उचलतील त्यांना घेतलं होतं. आणि टेपरेकॉर्डर दादा, किती पुरे होतील, सॅच्युरेशनसाठी (नवीन मुद्दे येणं थांबेपर्यंत) १२ लागतात असं कुठेतरी वाचलंय.

नकाशावाली

अकाउंटंटचं वाचून हसले पण माझंही असं झालंय, माझ्या पहिल्या नकाशात एक कारखाना तळ्याच्या मधोमध होता.

निवड रिग्रेशनलाच करू दे. रेसिड्युअल्स (मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक) काढ. काही कंपन्या मॉडेलच्या रेषेवर छान बसतात, त्यातल्या चारपाच घे, तिथे तुला वाट कशी चालते ते दिसेल. पण खरी मजा रेषेपासून लांब पडलेल्यांत असते. आजूबाजूला घोळका असूनही न वाढलेली कंपनी, आणि आसपास कोणी नसताना वाढलेली कंपनी. त्यांना जाऊन विचार. राज्यशास्त्रात लीबरमनने २००५ मध्ये ही रीत नीट मांडली आहे, आपल्याकडे बरेच लोक नाव न घेता तेच करतात. आणि जे शिकशील ते परत आकड्यांत आण, उदा. कामगारांची ये-जा ही वाट निघाली तर तिचं माप कुठून मिळेल ते शोध.

एक राहिलंच, तुझ्या यादीत फक्त आज जिवंत असलेल्या कंपन्या आहेत ना? घोळक्यात बुडालेल्या किती होत्या ते कुठाय मग? टिकलेल्यांची वाढ मोजून शेजार चांगला म्हणणं म्हणजे पास झालेल्यांना विचारून पेपर सोपा होता म्हणणं. नोंदणी रद्द झालेल्यांची यादी मिळते का बघ.

टेपरेकॉर्डर

ते बाराचं. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख आहे तो, त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासल्या आणि नवीन मुद्दे पहिल्या बारातच बहुतेक येऊन गेले असं दिसलं. पण त्या सगळ्या बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न ठरलेले होते. लोक तो आकडा औषधाच्या डोससारखा वापरतात. तुझ्याकडे मालक, कामगार, दुरुस्तीवाले असे तीन वेगळे गट आहेत, एका गटात ऐकणं थांबलं म्हणून दुसऱ्यात थांबत नाही. मोजायचंच असेल तर हे मोज की गेल्या चार मुलाखतींनी तुझं मत कितीदा बदललं.

आणि कामगारांची ये-जा म्हणालात म्हणून, अॅनाली सॅक्सेनियन या बाईंचं १९९४ चं काम बघून ठेव. सिलिकॉन व्हॅली आणि बोस्टनजवळचा रूट १२८, दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्स, दोन्हीकडे मोठी विद्यापीठं, आणि १९८० च्या दशकात दोन्हीकडे मंदीचा फटका, तरी एक सावरलं आणि दुसरं मागे पडलं. कोण पुढे गेलं ते नोकऱ्यांच्या आकड्यांत दिसत होतंच, का गेलं ते तिने वर्षानुवर्षं लोकांशी बोलून काढलं: एकीकडे इंजिनियर सर्रास कंपन्या बदलत होते आणि बाहेर भेटून बोलत होते, दुसरीकडे सगळं कंपनीच्या भिंतीआड. नंतर १९९९ मध्ये गिल्सन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने त्यात एक भर घातली, की कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही असा करार कोर्टात टिकत नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये टिकायचा. हे मुलाखतीतही सहज येत नाही आणि रिग्रेशनमध्ये तर कोणी ते व्हेरिएबल घातलंच नव्हतं. म्हणून तिसरी वही कायद्याची आणि जुन्या कागदांची पण ठेव.

खडूस_मास्तर

एक सूचना, नकाशा छापताना जपून. छोट्या घोळक्यात सगळ्यात मोठा ठिपका कोणाचा ते तिथल्या सगळ्यांना कळतं, मग मुलाखतीत नाव बदलून काही उपयोग नाही. ज्या मालकाने शेजारी ढापतो म्हणून सांगितलं त्याचं वाक्य आणि नकाशा एकाच पानावर आले तर त्याची पंचाईत होईल. ठिपके थोडे हलवून छाप, किंवा ग्रिडवर बेरीज दाखव.

अर्धवट_संशोधक

सर, लक्षात ठेवतो.

अपडेट. काल दुसऱ्या फेरीतली पहिली मुलाखत झाली, मालकाची नाही, एका लेथ ऑपरेटरची. प्रश्नावली खिशातच राहिली. मी फक्त विचारलं आजवर कुठे कुठे काम केलंत, तर त्याने माझ्याच वहीचा कागद घेतला आणि रस्ता काढून त्यावर चौकोन काढत गेला. ११ वर्षांत सहा कंपन्या. प्रत्येक चौकोनापुढे कोणाच्या ओळखीने लागलो ते तोंडाने सांगत होता, आणि दोनदा तर जुन्या मालकानेच काम कमी होतं म्हणून शेजारी पाठवलं होतं. त्यातला एक मालक म्हणजे माझ्या २३ मधला, ज्याने शेजाऱ्यांशी काही संबंध नाही सांगितलं होतं तो!! घरी येऊन चौकोन नकाशावर लावले, सगळ्यात लांबचा साडेतीन किलोमीटर.

एकाच माणसाचा कागद आहे, कळतंय मला, पण रात्री झोप नाही आली. आता हा कागद कोड कसा करायचा, म्हणजे त्यातल्या मुद्द्यांना लेबलं कशी लावायची? सॉफ्टवेअरमध्ये टाकू का?

टेपरेकॉर्डर

आधी स्कॅन कर. मागे तारीख लिही आणि तो तोंडाने जे बोलला ते आजच्या आज लिहून काढ, उद्या निम्मं विसरशील. कोडिंगचं नंतर बघू.

नकाशावाली

आणि पुढच्या प्रत्येक ऑपरेटरला कोरा कागद दे. असे तीसचाळीस कागद जमले तर मला पाठव (नावं काढून!), त्यातून कंपनी ते कंपनी असं ये-जा मॅट्रिक्स (कुठून कुठे किती जण गेले याचा तक्ता) बनतं. ते रिग्रेशनमध्ये अंतराच्या जोडीला घालून बघू, अंतराचा परिणाम उरतो का ते.

आळशी_बोका

बरं, मला पण पाठवा तो मॅट्रिक्स.